उदक सोडल्यानंतर

दान दिलेल्या वस्तूकडे वळून पाहूं नये, असा आपल्याकडे संकेत आहे. देणाऱ्यानें पुन्हा पाहिलें तर त्याची वासना त्या वस्तूंत गुंतली असें होतें, आणि घेणाऱ्यालाही ती वस्तु पुरती आपलीशी वाटत नाहीं. गाय, भूमि, सुवर्ण यांच्या बाबतींत हा संकेत शहाणपणाचा आहे. परंतु मूल देण्याचा प्रसंग आला तेव्हां आपण त्यालाही याच पंक्तीला बसविलें. दत्तविधींत जन्मदाता मुलाचें दान करितो. घेणारा त्याला मांडीवर घेऊन त्याच्या मस्तकाचें अवघ्राण करितो, होम होतो, आणि तें मूल एका गोत्रांतून दुसऱ्या गोत्रांत जातें. 'उदक सोडणें' हे शब्द आज आपण पैशाला, पदाला, आशेला, कशालाही लावतों. मुलाला ते लावतांनाही आपली जीभ अडखळत नाहीं, इतकी ती कल्पना आपल्या अंगवळणीं पडली आहे.

तीस वर्षें नीतिशास्त्राचे वर्ग घेऊनही मला तींत कांहीं खटकलें नव्हतें. खटकलें तें तीन वर्षांपूर्वींच्या जुलैंत, अमेरिकेंतील ओरेगॉन राज्यांत, एका सार्वजनिक बागेंतल्या लांकडी बांकावर बसलों असतां.

माझी भाची व तिचे यजमान पोर्टलंड शहराजवळ राहतात. त्यांना मूल नव्हतें. त्यांनीं तेथलीच एक मुलगी जन्मतांच दत्तक घेतली. तिकडे आतां पुष्कळ दत्तकें ज्या पद्धतीनें होतात तिला 'खुलें दत्तक' म्हणतात. तींत जन्म देणारी आई व घेणारें घर एकमेकांना ओळखतात, पत्रें व छायाचित्रें पाठवितात, आणि ठरल्याप्रमाणें भेटतात. आपल्याकडे घेणारा मुलगा निवडतो. तिकडे बहुधा देणारी घर निवडते. अनेक जोडप्यांनीं स्वतःविषयीं लिहिलेलीं पत्रें वाचून एका एकोणीस वर्षांच्या मुलीनें आमच्या भाचीचें घर निवडलें. कां, तर भाचीनें पत्रांत लिहिलें होतें कीं, आम्ही रोज संध्याकाळीं एकत्र बसून जेवतों. यावर आमच्या बहिणीचें म्हणणें असें कीं, यांत लिहिण्यासारखें काय होतें! त्या मुलीला मात्र त्यांत वाचण्यासारखें पुष्कळ दिसलें असावें.

वर्षांतून एकदां, जुलैंत, भेटावयाचें असें ठरलेलें होतें. त्या वर्षीं मी तिकडे होतों म्हणून मलाही नेलें. खरें सांगावयाचें तर मी नाखुषीनें गेलों. एका परक्या बाईचें दुःख बसून पाहणें मला असभ्यपणाचें वाटत होतें. ती आपल्या आईसह आली. तेवीस वर्षांची, सडसडीत, किराणा मालाच्या दुकानांत नोकरी करणारी. हातांत मॅरियनबेरी नांवाच्या फळांची टोपली. हें फळ त्याच राज्यांत संकरानें तयार केलेलें, आपल्या पिकल्या करवंदाच्या रंगाचें पण मऊ, आणि ऐन जुलैंत पिकतें. आमची चार वर्षांची नात त्या टोपलीवर तुटून पडली, आणि पांच मिनिटांत तिचें तोंड, हात व पांढरा झगा जांभळा झाला. दोघी बायका एकाच वेळीं रुमाल घेऊन पुढें झाल्या, आणि दोघीही थबकल्या. मग जन्मदात्रीनें आपला रुमाल भाचीच्या हातांत दिला.

मुलगी तिला नांवानें हांक मारते. मध्येंच तिनें विचारलें, "मी तुझ्या पोटांत होतें ना?" ती म्हणाली, "हो." "तिथें अंधार होता?" "होता, असें मला वाटतें." एवढ्यानें तिचें समाधान झालें आणि ती तळ्यांतल्या बदकांकडे पळाली. त्या तरुणीची आई माझ्या शेजारीं बसली होती. वयानें माझ्याहून कांहीं मोठी नसेल. तिनें मला विचारलें, तुम्हांला नातवंडें किती. मीं दोन सांगितलीं. ती म्हणाली, "मला एक." आणि थोडें थांबून, "म्हणजे तुमच्या हिशेबानें एकही नाहीं." मीं आपला कोणताही हिशेब तिला सांगितला नव्हता, पण तो माझ्या तोंडावर लिहिलेला तिनें वाचला होता.

ऑक्टोबरांत भाचीचा दूरध्वनि आला. जुलैंतील त्या भेटीनंतर मुलगी तीन रात्रीं नीट झोंपली नव्हती, आणि अजूनही मधून मधून विचारीत होती कीं, ती मला बरोबर घेऊन कां गेली नाहीं. पुढच्या वर्षीं भेट नको, मूल अठरा वर्षांचें झालें म्हणजे काय तें पाहूं, असें त्या मुलीला कळवावें काय? "मामा, तुमचा विषयच हा. तुम्ही सांगाल तसें करूं." मीं सांगितलें, थांबवा. कारणें दिलीं, तीं सर्व मुलीच्या हिताचीं होतीं. मूल लहान आहे, दोन आयांचा अर्थ त्याला लागणार नाहीं, तें गोंधळतें, त्याच्या मनाला एकच ठाव हवा, इत्यादि. बोलणें संपल्यावर मला हायसें वाटलें. आपल्याच सल्ल्यानें आपल्याला हायसें वाटूं लागलें कीं तो सल्ला कोणासाठीं दिला हें तपासून पाहावें, असें मी विद्यार्थ्यांना दरवर्षीं सांगत असतों. त्या दिवशीं मला तें सुचलें नाहीं. सुचलें दोन-तीन आठवड्यांनीं, आणि तेंही शास्त्रविचारानें नव्हे, तर घरांतली एक जुनी गोष्ट आठवली म्हणून.

माझे वडील दत्तक होते. रत्नागिरी जिल्ह्यांतल्या आमच्या गांवीं १९४४ सालीं, नवव्या वर्षीं, त्यांना त्यांच्या निपुत्रिक थोरल्या चुलत्यानें घेतलें. दोन घरांच्या मध्यें एक दगडी गडगा आणि त्याला एक बेडें, एवढेंच काय तें अंतर. विधि झाला त्या दिवशीं सकाळीं जी आई होती ती संध्याकाळीं काकू झाली, आणि जी मोठी काकू होती ती आई झाली. नऊ वर्षांच्या मुलानें ही अदलाबदल एका दिवसांत कशी शिकून घेतली, कोणास ठाऊक! शिकून घेतली खरी. त्यांच्या तोंडून तिच्याविषयीं 'काकू' याखेरीज दुसरा शब्द मीं ऐकला नाहीं.

सर्वांना सर्व ठाऊक होतें. बोलणें तेवढें नव्हतें. मीं तिला पाहिलें तें तिच्या उतारवयांत. गणपतींत ती पातोळ्या करून आणी आणि माजघराच्या उंबऱ्याशीं बसे. वडिलांना काय हवें-नको तें ती त्यांना कधीं विचारीत नसे. तें आमच्या आजीला विचारी, आणि तेंही ते समोर बसलेले असतांना: "त्याला आवडली का?" आजी म्हणे, "आवडली." वडील खालीं मान घालून खात असत. ती वारली तेव्हां भटजींनीं वडिलांना तीन दिवसांचें सुतक सांगितलें, आणि तिच्या धाकट्या मुलाला दहा. चौथ्या दिवशीं वडील स्नान करून नोकरीवर गेले. आमची शाळेची रजा इतक्या लवकर संपली याचें त्या वेळीं मला वाईट वाटलें, एवढेंच मला आठवतें.

आमची आजी, म्हणजे वडिलांची दत्तक आई, तिच्यामागें कांहीं वर्षें होती. तिनें एकदां, तांदूळ निवडतां निवडतां, मला एक गोष्ट सांगितली. दत्तविधीच्या दुसऱ्या पावसाळ्यांत वडिलांना विषमज्वर झाला. दोघी जावा आळीपाळीनें उशाशीं बसत. एके रात्रीं वातांत त्यांनीं "आई" म्हणून हांक मारली, आणि दोघीही उठल्या. "मी पुढें झालें, ती मागें सरली. ताप उतरल्यावर मीं तिला सांगितलें, आतां रोज रोज येऊं नकोस, मूल गोंधळतें." सुपांतले खडे बाजूला टाकीत आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मूल कुठलें गोंधळतें! मीच गोंधळलें होतें."

मीं ऑक्टोबरांत सातासमुद्रांपलीकडे पाठविलेला सल्ला आणि आजीनें आपल्या जावेला सांगितलेलें वाक्य यांत शब्दांचाही फरक नव्हता.

जन्मदात्रीशीं भेट म्हटलें कीं आपल्यापुढें कुंती व कर्ण उभीं राहतात. युद्ध अगदीं जवळ आलेलें. कर्ण गंगातीरीं सूर्याकडे तोंड करून जप करीत आहे. आणि त्याचा जप संपेपर्यंत कुंती उन्हानें कोमेजून त्याच्या उत्तरीयाच्या सावलींत उभी राहते. इतक्या वर्षांनीं लेकाची सावली तिच्या वांट्याला आली ती अशी. पण ती मागावयास आलेली आहे, आणि हें कर्णाला तत्काळ कळतें. तो तिला तसें स्पष्ट सांगतो, आणि तरीही चौघांना अभय देतो. या प्रसंगावर आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे, आणि बहुतेकांनीं कुंतीला दोष देऊन किंवा तिची कींव करून लेखणी ठेवली आहे. मला अलीकडे त्यांत निराळीच गोष्ट जाणवते. त्या गंगातीरीं राधा नाहीं. जिनें त्याचें मलमूत्र काढलें, जिला त्याच्यावरील मायेनें पान्हा फुटला असें कर्णानेंच थोड्या वेळापूर्वीं श्रीकृष्णाला सांगितलें, ती त्या वेळीं आपल्या घरीं कांहीं कामांत असेल. तिला कोणी बोलावलें नाहीं. कुंतीला जें बोलावयाचें होतें तें राधेच्या देखत बोलतां आलें नसतें, यांतच त्या बोलण्याची परीक्षा होऊन जाते.

याच्या उलट एक भेट भागवताच्या दशमस्कंधांत आहे. सूर्यग्रहणाच्या पर्वणीला यादव कुरुक्षेत्रीं जातात, आणि गोकुळचीं माणसेंही तेथें येतात. नंद-यशोदेला कृष्णबलराम पुष्कळ वर्षांनीं भेटतात. आणि मग देवकी व रोहिणी यशोदेला कडकडून भेटतात, रडतात, आणि तिनें या मुलांना जसें जपलें त्या उपकाराची फेड होणें शक्य नाहीं, असें तिला सांगतात. मीं ऐकलेल्या कीर्तनांत या प्रसंगावर कोणी बुवा फारसे रमले नाहींत. त्यांत शाप नाहीं, भांडण नाहीं, रहस्यस्फोट नाहीं. आख्यान रंगावें असें कांहींच नाहीं. पण दोन्ही आया एके ठिकाणीं आहेत. देवकी कांहीं मागत नाहीं आणि यशोदा कांहीं लपवीत नाहीं.

मूल आपलें कुळ जाणतें कीं नाहीं, एवढ्यावर दत्तक खुलें ठरत नाहीं, असें मला वाटूं लागलें आहे. कर्णालाही शेवटीं सर्व कळलेंच होतें. खुलेपणा आहे तो दोन आयांनीं एकमेकींना पाहण्यांत, आणि मुलानें त्या दोघींना एकत्र पाहण्यांत. आमच्या गांवीं तर त्या दोघी रोज एकमेकींना दिसत असत, मग तें खुलें दत्तक नव्हतें काय? नव्हतें. माझ्या वडिलांना 'तूं मला कां दिलेंस' हा प्रश्न विचारण्यासाठीं शब्दच उरला नव्हता. काकूला हा प्रश्न विचारतां येत नाहीं.

याच्या मुळाशीं ती दानाची कल्पना आहे, आणि आश्चर्य असें कीं आपल्याच शास्त्रांनीं ती पुरती मानलेली नाहीं. विश्वजित् यागांत यजमानानें सर्वस्व द्यावयाचें असतें. मग त्या सर्वस्वांत आईबापही येतात काय, असा प्रश्न मीमांसकांनीं उपस्थित केला, आणि ज्यावर आपलें स्वामित्व नाहीं तें देतां येत नाहीं, असा निर्णय दिला. याज्ञवल्क्यानें काय देतां येतें हें सांगतांना पत्नी व पुत्र स्पष्ट वगळले आहेत. पुत्र देय नाहीं आणि पुत्राचें दान तर होतें, या दोन गोष्टींचा मेळ घालतांना निबंधकारांची बरीच ओढाताण झालेली दिसते. मला ती ओढाताण आदरणीय वाटते. आपण जें करीत आहों त्यांत कांहीं तरी बसत नाहीं, याची ती कबुली आहे. आई मूल देत नाहीं. मूल ही तिची वस्तुच नव्हे. ती देते तें त्याला वाढविण्याचें काम व तो अधिकार. तेवढ्यावर उदक सोडलें म्हणून जन्म दिल्याची गोष्ट पुसली जात नाहीं.

व्यवहारांतही आपल्याकडे एक उघडी वाट होती. मनूनें दत्तकाला जनकाचें गोत्र व धन नाकारलें खरें. परंतु हा मुलगा आपणां दोघांचा, असा करार करून देतां येत असे, आणि अशा द्व्यामुष्यायण पुत्राला दोन्ही बापांचा वारसा व दोघांनाही पिंड देण्याचा अधिकार असे. बहुधा भावाभावांत हें चाले. तेथेंही दोन बापांचा विचार झाला. दोन आयांचें काय करावें हें कोणी लिहून ठेवलें नाहीं. मोठ्या घराण्यांत तर याचा बाऊच नसे. कोल्हापूरचे शाहू छत्रपति १८८४ त दत्तक गेले तेव्हां त्यांचे जनक, कागलचे आबासाहेब घाटगे, हेच त्या संस्थानचे रीजंट होते. बाप बापच्या जागीं आणि राजा राजाच्या जागीं राहिला. अर्थात् राजवाड्यांतलीं उदाहरणें आमच्यासारख्यांच्या माजघरांत फारशीं उपयोगी पडत नाहींत.

१९५६ च्या हिंदु दत्तक कायद्यानें ही वाट मिटवून टाकली. दत्तक झालेल्या दिवसापासून मुलाचे जन्मघराशीं असलेले सर्व संबंध तुटले असें तो कायदा मानतो; विवाहाचा निषेध आणि आधींच प्राप्त झालेली मालमत्ता एवढेच धागे राहतात. म्हणजे त्या घरांतल्या मुलीशीं लग्न करतांना नातें आहे, इतर वेळीं नाहीं! संस्थांतून होणाऱ्या दत्तकांना २०१५ चा बालन्याय कायदा लागू आहे. त्यांत मूल स्वाधीन करणाऱ्या आईला फेरविचारासाठीं दोन महिने मिळतात. आणि अशा दत्तकांच्या नियमांप्रमाणें मूल सज्ञान झाल्यावर आपल्या मुळाचा शोध मागूं शकतें. तिनें आपलें नांव गुप्त ठेवावें असें सांगितलें असेल तर तिची संमति लागते.

ही शेवटची अट योग्य आहे, आणि येथें खुलेपणाच्या भक्तांनीं थोडें थांबलें पाहिजे. १८६३ त जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यांत बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें तें विधवांनीं गुपचूप येऊन सुखरूप बाळंत व्हावें म्हणूनच. गुप्तता नसती तर त्या बाया तेथें पोंचल्याच नसत्या; विहिरीकडे गेल्या असत्या. तेथें ती गुप्तता आईसाठीं होती, आणि समाज निर्दय होता म्हणून होती. परंतु त्याच जोतीरावांनीं ज्या मुलाला आपला यशवंत म्हणून वाढविलें, तो एका ब्राह्मण विधवेचा मुलगा ही गोष्ट त्यांनीं लपविली नाहीं. आईला आडोसा देणें आणि मुलाशीं खोटें बोलणें ह्या दोन गोष्टी एक नव्हेत, हें त्यांना ठाऊक होतें. इंग्लंडांत हाच पेंच १९७५ सालीं पडला. सज्ञान दत्तकांना मूळ जन्मनोंद पाहण्याचा हक्क देतांना, ज्या आयांना पूर्वीं गुप्ततेचा शब्द गेला होता त्यांचें काय, हा प्रश्न आला. त्या कायद्यापूर्वीं दत्तक गेलेल्यांनीं आधीं समुपदेशकाला भेटलेंच पाहिजे, अशी तोड काढण्यांत आली. ओरेगॉनांत तर १९९८ सालीं तो प्रश्न सरळ जनतेच्या मतदानास टाकला गेला, आणि एकवीस वर्षांवरील दत्तकांना मूळ नोंद मिळावी असा कौल मिळाला. जेथें मारझोड आहे, जेथें मुलाला धोका आहे, तेथें भेट नसावी हें सांगावयास पंडित नको.

पण आमच्या भाचीच्या घरीं यांतलें कांहींच नव्हतें. एक तरुण मुलगी वर्षांतून एक दुपार फळें घेऊन येत होती. तिच्या हातीं काय होतें तेंही पाहिलें पाहिजे. भेटीगांठींचा लेखी करार न्यायालयानें मान्य केलेला असला तर तेथें तो बजावून घेतां येतो; परंतु तो मोडला म्हणून दत्तक रद्द होत नाहीं. हें मुलाच्या दृष्टीनें ठीकच आहे. पण किराणा दुकानांतल्या मुलीनें वकील कोठून आणावा? भाचीनें चार ओळींचें गोड पत्र पाठविलें असतें तर तिनें तें वाचून, घडी घालून, ठेवून दिलें असतें. आमच्या गडग्यांतल्या बेड्याची कडी आमच्याच बाजूला होती. खुल्या दत्तकाचीही बहुधा तशीच असते. जें घर श्रीमंत, शिकलेलें, कायद्यानें भक्कम, त्याच्या इच्छेवर दुसऱ्या बाजूची भेट अवलंबून. म्हणून मूल गोंधळतें हें कारण देण्यापूर्वीं त्या घरानें दहा वेळां विचार करावयास हवा. कारण त्या कारणाला उलट तपासणी करणारें कोणी नसतें. आणि मूल तीन रात्रीं झोंपलें नाहीं, हें तरी एवढें भयंकर कां वाटावें? आई सोडून गेली ही गोष्ट दुःखाची आहे. तें दुःख चौथ्या वर्षीं आपल्या माणसांच्या कुशींत रडून घेतां आलें तर तें अठराव्या वर्षीं एकट्यानें कागद उकलून समजून घेण्यापेक्षां बरें, असें मला वाटतें. माझी खात्री आहे असें मी म्हणत नाहीं.

मीं भाचीला पत्र लिहिलें. दूरध्वनीवर हें बोलवलें नसतें. आजीची गोष्ट लिहिली, आणि माझा आधींचा सल्ला परत घेतला. तिनें तोंवर त्या मुलीला कांहीं कळविलें नव्हतें. धीर झाला नाहीं म्हणाली. पुढल्या जुलैंत भेट झाली. या खेपेस नातीनें तो प्रश्न भाचीला न विचारतां, जिला विचारावयाचा तिलाच विचारला: तूं मला बरोबर कां नेलें नाहींस? ती म्हणाली, तेव्हां मला घर नव्हतें. मुलगी म्हणाली, आतां आहे? भाची सांगते कीं, त्या क्षणीं तिचे हातपाय गार पडले. ती मुलगी म्हणाली, आतां एक खोली आहे. पण तुझें घर तें आहे, आणि तूं तिथें जेवतेस, ही मला माहीत असलेली सर्वांत चांगली गोष्ट आहे. त्या रात्रीं नात दोनदां उठली, आणि मग झोंपली. भाची मात्र सकाळपर्यंत जागी होती.

यंदाच्या जुलैंत ती आली नाहीं. नोकरीसाठीं ती दुसऱ्या राज्यांत गेली आहे. तिथून यावयाचें म्हणजे विमानाचें भाडें आणि दोन दिवसांची रजा. कदाचित् तिला आतां नवें कांहीं सुरू करावयाचें असेल, आणि तो तिचा हक्क आहे. तिनें एक कार्ड पाठविलें, त्यावर बदकांचें चित्र होतें. भाचीनें बाजारांतून मॅरियनबेरीचा एक मोठा डबा आणला. सात वर्षांची झालेली नात त्यांतलीं दोन-तीन फळें खाऊन म्हणाली, हीं तीं नव्हेत. पुढच्या वर्षीं तुला सोयीची तारीख कोणती, भाडें आम्ही पाठवूं, असें भाचीनें तिला लिहिलें आहे. उत्तर अजून आलेलें नाहीं.